बालमनोविकारतज्ज्ञ व्हायचंय, तर एमडी कुठे करावं? मुंबईपुरती पार्श्वभूमी

नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतर एमडीला प्रवेश देणाऱ्या परीक्षेचा, निकाल लागला की मुंबईतल्या हॉस्टेलांवर ठरलेले प्रश्न सुरू होतात. केईएम रुग्णालयाची सायकिअॅट्रीची (मानसोपचाराची) जागा कितव्या रँकला गेली, नायरला ड्युटी जास्त की सायनला, जेजेला सीनियर कसे आहेत, कूपर नवीन आहे तर घ्यावं का. पुढे लहान मुलांमध्येच काम करायचं ठरवलेला विद्यार्थीही हेच विचारतो. त्याने मात्र सगळ्यात आधी दुसरी गोष्ट विचारायला हवी: या रुग्णालयात अभ्यासात मागे पडणारं, हट्टी, घाबरणारं किंवा उशिरा बोलणारं मूल कुठल्या विभागाच्या ओपीडीत जातं? मानसोपचार विभागाच्या की बालरोग विभागाच्या? मुंबईत या प्रश्नाला एकच एक उत्तर मिळत नाही, कारण इथे मुलांचं मानसिक आरोग्य वैद्यकीय महाविद्यालयात जन्मलंच नाही.

त्याची सुरुवात कायदा आणि समाजकार्य यांच्या आवारात झाली. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा 1857 ची. पुढे 1924 मध्ये बॉम्बे चिल्ड्रन अॅक्ट आला आणि 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. चोरी करणारं, घरातून पळालेलं, फुटपाथवर सापडलेलं मूल तुरुंगात न घालता त्याचं करायचं काय, हा तेव्हाचा प्रश्न होता. तिकडे शिकागोत 1909 मध्ये विल्यम हीली यांनी बालन्यायालयात येणाऱ्या मुलांसाठी संस्था काढली, तीही याच प्रश्नातून. त्या कामातून ‘चाइल्ड गायडन्स’ची पद्धत रुजली. एका मुलाकडे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता या तिघांनी मिळून बघायचं, आणि समाजकार्यकर्त्याने घरी जाऊन यायचं.

ही पद्धत मुंबईत आली ती नागपाड्यात. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने तिथे नेबरहूड हाऊस चालवलं होतं. 1936 मध्ये त्यांच्याच संचालकपदाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, या शाळेने डॉ. मसानी यांच्या देखरेखीखाली चाइल्ड गायडन्स क्लिनिक उघडलं. भारतातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र म्हणून त्याचीच नोंद होते. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनसमस्या असलेल्या मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिल्याचे निष्कर्ष छापले. एडीएचडीच्या (अतिचंचलता आणि लक्ष न लागण्याच्या विकाराच्या) आजच्या औषधोपचाराची मुळं तिथपर्यंत जातात. एका टोकाला गोळी आणि दुसऱ्या टोकाला नागपाड्यातली गृहभेट, दोन्हींचं साल एकच, हे मला फार बोलकं वाटतं. आपल्याकडे गृहभेट आधी आली. गोळी बरीच नंतर.

1938 मध्ये मसानींनी जेजे रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी सुरू केली. तोवर मनोरुग्णासाठी ठिकाण म्हणजे 1901 पासून असलेलं ठाण्याचं मनोरुग्णालय आणि तसलीच इतर मनोरुग्णालयं. सर्वसाधारण रुग्णालयात ताप-खोकल्याच्या रांगेशेजारी मनाच्या आजाराची रांग लागणं हा मोठा बदल होता. स्वातंत्र्यानंतर केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी विभाग वाढवला, पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारलेल्या त्यांच्या उपचारपद्धतीची तेव्हा परदेशातही चर्चा झाली. नायर आणि सायनमध्येही विभाग उभे राहिले. डीपीएम हा दोन वर्षांचा डिप्लोमा आणि तीन वर्षांचं एमडी, या दोन वाटांनी मुंबईत मानसोपचारतज्ज्ञ तयार होऊ लागले.

पण हे सगळं प्रशिक्षण मोठ्या माणसांभोवती फिरत राहिलं. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, दारू, आत्महत्येचा प्रयत्न करून कॅज्युअल्टीत आलेला रुग्ण. चाइल्ड गायडन्स क्लिनिक म्हणजे आठवड्यातला एखादा ठरावीक वार. ज्या कामासाठी तिघांची टीम आणि तासभर वेळ लागतो, ते एका सकाळीत उरकायचं. आजही बऱ्याच ठिकाणी एमडीच्या रेसिडेंटचा, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकणाऱ्या डॉक्टरचा, बालमनोविकाराशी संबंध तेवढाच येतो. त्यात एमबीबीएसला सायकिअॅट्रीचा स्वतंत्र पेपर नाही, त्यामुळे मुलाशी बोलायचं कसं हे रेसिडेन्सीत शिकायला मिळालं तरच मिळतं.

मग मुलं गेली कुठे? बालरोग विभागात. याला कारण झाली दहावीची परीक्षा.

1996 मध्ये महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात मागे पडणं, इंग्रजीत एलडी) असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीला सवलती दिल्या: जास्तीचा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित. त्यासाठी प्रमाणपत्र लागणार होतं, आणि ते सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयाचं हवं होतं. सायनच्या बालरोग विभागात एलडी क्लिनिक उभं राहिलं ते याच काळात. शहरभरच्या शाळा तिकडे मुलं पाठवू लागल्या.

त्या प्रमाणपत्रामागे काय असतं ते बघण्यासारखं आहे. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे, कारण फळा दिसत नसेल तर वाचनाचा दोष काढण्यात अर्थ नाही. मग डॉक्टर पूर्ण इतिहास घेतात: बोलायला कधी लागला, आकडी आली होती का, शाळा किती वेळा बदलली. मग बुद्ध्यांक. त्यासाठी वापरली जाणारी बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. दुसरी नेहमीची चाचणी म्हणजे मिसिक, ती डॉ. मॅलिन यांनी नागपुरात तयार केली. शेवटी विशेष शिक्षिका मुलाला वाचायला, लिहायला आणि गणितं सोडवायला बसवते. नववीतला मुलगा, बोलायला चुणचुणीत, आणि वहीत ‘बी’च्या जागी ‘डी’. उतारा तोंडी विचारला तर सगळं सांगतो, लिहायला दिला तर तीन ओळींत हात थांबतो. बुद्ध्यांक ठीक आणि वाचन-लेखन दोन इयत्तांनी मागे, असा फरक दिसला की मग कागद तयार होतो.

या सगळ्यात मानसोपचाराच्या रेसिडेंटला शिकण्यासारखं किती आहे बघा. यातल्या कित्येक मुलांना सोबत एडीएचडी असतो, चिंता असते, सतत ‘आळशी’ ऐकून आलेली उदासी असते. पण फाइल बालरोग विभागाची असली तर तो रेसिडेंट तिथे जातो की नाही, हे दोन विभागप्रमुखांच्या आपसातल्या संबंधांवर ठरतं. मुंबईच्या आरोग्यव्यवस्थेतली ही भिंत कागदावर कुठेच नाही, पण ओलांडताना जाणवते.

कायद्याने नंतर कामाचा पसारा वाढवला. 2012 चा पॉक्सो आला आणि लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांचं काम विभागांकडे येऊ लागलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही यादीत घेतल्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अल्पवयीन रुग्णाला मोठ्यांपासून वेगळं ठेवण्याची आणि सोबत पालक असण्याची अट घातली. ज्या विभागात वेगळी खोलीच नाही, तिथे मुलाला दाखल करणं त्यामुळे अवघड झालं. म्हणजे तिथल्या रेसिडेंटने ओपीडीतली मुलं पाहिली असतील, पण वॉर्डमध्ये जेवण नाकारणारी चौदा वर्षांची मुलगी दिवसेंदिवस सांभाळलेली नसते. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. त्यांना बघणारे प्रशिक्षित डॉक्टर मूठभर.

बालमनोविकारातली डीएम, म्हणजे एमडीच्या वरची पदवी, आली ती 2010 नंतरच्या दशकात, आणि तीही मुंबईबाहेर. बेंगळुरूचं निम्हान्स, चंडीगडचं पीजीआय, लखनौचं केजीएमयू ही सुरुवातीची नावं. एमडी सायकिअॅट्रीनंतर आणखी तीन वर्षं. निम्हान्स आणि पीजीआयसाठी राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांची वेगळी परीक्षा, बाकीच्यांसाठी नीट-एसएस ही देशपातळीवरची परीक्षा. निम्हान्समध्ये मुलांचा वेगळा वॉर्ड आहे आणि आई किंवा वडील मुलाबरोबर तिथे राहतात. त्यामुळे जागा मोजक्या असल्या तरी ही मंडळी काय वेगळं शिकून येतात ते कळतं.

डीएम करायचंच असेल, तर एमडी मुंबईत करण्यात माझ्या मते तोटा नाही. मोठ्यांचं मानसोपचार इथे भरपूर आणि रगडून शिकवलं जातं, आणि बालमनोविकारतज्ज्ञाला ते लागतंच. मुलाइतकीच त्याची आईही समोर बसलेली असते आणि अनेकदा तिचं नैराश्य आधी ओळखावं लागतं. पण डीएम न करता थेट प्रॅक्टिसमध्ये मुलं बघायची असतील, तर तीन वर्षांतच सगळं मिळवावं लागेल. तेव्हा कॉलेजच्या नावापेक्षा चौकशीला महत्त्व. चाइल्ड ओपीडी किती दिवस चालते? नवी केस रेसिडेंट स्वतः घेतो की लेक्चरर घेतात आणि तो मागे उभा राहतो? विभागात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समाजकार्यकर्ते पदावर आहेत, की पदं वर्षानुवर्षं रिकामी? बालरोगमध्ये पोस्टिंग मिळतं का? खासगी रुग्णालयातलं डीएनबी, म्हणजे एमडीच्या तोडीची पदवी, घेताना तर हे दुप्पट विचारावं. तिथे रुग्ण शिकलेल्या घरांतले, वेळ जास्त, पण ऑब्झर्व्हेशन होममधलं (बालनिरीक्षणगृहातलं) मूल सहसा दिसणार नाही.

परदेशाचा विचार करणाऱ्यांना हिशेब निराळा. अमेरिकेत सायकिअॅट्री रेसिडेन्सी चार वर्षांची, मुलांची फेलोशिप दोन वर्षांची. तिसऱ्या वर्षानंतर फेलोशिपमध्ये गेलं तर एकूण पाच वर्षांत काम होतं. पेडिअॅट्रिक्स, सायकिअॅट्री आणि चाइल्ड सायकिअॅट्री एकत्र पाच वर्षांत देणारा ‘ट्रिपल बोर्ड’ही आहे, मुंबईत जी भिंत आहे तीच पाडणारा. मात्र इथलं एमडी असलं तरी तिथे रेसिडेन्सी सहसा पुन्हा करावी लागते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांचं कोअर ट्रेनिंग आणि मग तीन वर्षं मुलांचं वरचं प्रशिक्षण. कोअरमध्येच मुलांची किंवा बौद्धिक अक्षमतेची एक नेमणूक घ्यावी लागते.

मुंबईच्या विषयाकडे परत वळायचं तर, थिसिसकडे लक्ष ठेवावं. विषय पहिल्या काही महिन्यांतच नोंदवावा लागतो आणि गाइड कोण मिळणार यावर तो ठरतो. मुलांवर काम करणारा गाइड विभागात असेल, तर क्लिनिकचा वार नसतानाही रेसिडेंटला एलडीच्या फाइली, शाळांच्या नोंदी आणि बालरोगच्या बैठका उघड्या होतात. असा गाइड पुढची तीन वर्षं तिथे राहणार आहे, की निवृत्ती किंवा बदली जवळ आली आहे, हे प्रवेशाच्या काउन्सेलिंगच्या यादीत छापलेलं नसतं. ते दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारावं, आणि शक्यतो रविवारी संध्याकाळी, तो झोपून उठल्यावर.