अतिरक्तदाबजन्य मूत्रपिंड व हृदयहानीची प्रारंभिक चिन्हे

दीर्घकाळ वाढलेल्या रक्तदाबामुळे मूत्रपिंड व हृदय यांच्यात होणारे पहिले बदल रुग्णाला सहसा जाणवत नाहीत; ते लघवीच्या तपासणीत, ईसीजीत (हृदयाच्या विद्युत आलेखात) किंवा इकोमध्ये (हृदयाच्या ध्वनिलहरी-चित्रणात) आधी दिसतात. पायांवर सूज, फेसाळ लघवी आणि चालताना लागणारी धाप ही सुरुवातीची लक्षणे म्हणून सांगितली जातात खरी, परंतु रक्तदाबामुळे ती उद्भवली असतील तर विकार तोवर बराच पुढे गेलेला असतो.

लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट हे रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवीत. तीत प्रथिन असल्यास ते गोठून लघवी गढूळ होई. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात हृदयाचा डावा कप्पा अनेकदा जाड झालेला आढळतो, असे त्यांनी १८३६ मध्ये नोंदविले. मूत्रपिंडाचा विकार नसतानाही रक्तदाब वाढलेला असू शकतो आणि मूत्रपिंडाला इजा त्यानंतर होऊ शकते, हे त्याच रुग्णालयातील फ्रेडरिक अकबर महोमेद (१८४९–८४) यांनी नाडीच्या आलेखांवरून दाखविले. पाटण्यात जन्मून इंग्लंडात स्थायिक झालेले शेख दीन महोमेद हे त्यांचे आजोबा. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोच्ची यांचे उपकरण १८९६ मधले असल्याने महोमेद यांचे निरीक्षण विशेष महत्त्वाचे ठरते.

प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे दहा लाख केशिकागुच्छ असतात. वाढत्या दाबाने त्यांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म धमन्यांच्या भिंती जाड होतात, काही गुच्छ निकामी होतात आणि उरलेल्यांवरील ताण वाढून त्यांतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपू लागते. लघवीतील दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे (स्नायूंत तयार होणारे टाकाऊ द्रव्य) ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन प्राकृत मानतात, तर ३० ते ३०० मिलिग्रॅम हे हानीचे आरंभीचे चिन्ह होय. साध्या पट्टी-तपासणीत एवढे अल्प प्रमाण बहुधा सापडत नाही. त्यामुळे अहवालात ‘अल्ब्युमिन : निरंक’ असे असले, तरी मूत्रपिंड निर्दोष असल्याची खात्री देता येत नाही. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीवर करतात. ताप, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम यांमुळेही हा आकडा वाढत असल्याने काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

रक्तातील क्रिएटिनिन हा त्या मानाने उशिरा जागा होणारा निर्देशक आहे. गाळण्याची क्षमता जवळजवळ निम्मी होईपर्यंत, विशेषतः किरकोळ अंगकाठीच्या वृद्धांत, तो प्राकृत मर्यादेत राहू शकतो. म्हणून वय व लिंग विचारात घेऊन त्यावरून गाळणदर काढतात. रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागणे हेही एक पूर्वचिन्ह असू शकते, मात्र मधुमेह आणि प्रोस्टेट ग्रंथीची वाढ ही त्याची कारणे आधी पाहावी लागतात.

हृदयाच्या डाव्या जवनिकेला (खालच्या डाव्या कप्प्याला) वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते, त्यामुळे तिची भिंत जाड व ताठर होते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ती पुरेशी सैल होत नाही. ईसीजीत ही वाढ दिसली तर ती महत्त्वाची असते; न दिसल्यास मात्र ती नाही असे म्हणता येत नाही, कारण इकोच्या तुलनेत ईसीजी कमी संवेदनक्षम आहे. ‘पंपिंग ६० टक्के’ या शेऱ्याने अनेकजण निश्चिंत होतात. तो आकडा आकुंचनाचा असतो. अतिरक्तदाबात बहुधा आधी बिघडते ते शिथिलन, आणि त्याची माहिती इकोच्या अहवालात वेगळी दिलेली असते. भरण्यास अडथळा आल्याने डावा अलिंद (वरचा कप्पा) हळूहळू ताणला जातो आणि ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांच्या गटांतील औषधांनी रक्तदाबाबरोबर अल्ब्युमिनची गळतीही कमी होते. ती सुरू केल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासतात; क्रिएटिनिनमध्ये ३० टक्क्यांपर्यंत झालेली वाढ सहसा औषध थांबविण्याचे कारण ठरत नाही. रक्तदाब आटोक्यात राहिल्यास जवनिकेची जाडीही उतरते, पण त्याला अनेक महिने लागतात.