ज्वालामुखी खडकांतल्या सूक्ष्म छिद्रांचं प्रतिमांकन

तेल, नैसर्गिक वायू किंवा गरम पाणी साठवून ठेवणाऱ्या ज्वालामुखी खडकांच्या आतली बारीक छिद्रं, फटी आणि त्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या वाटा चित्रात पकडून मोजायच्या पद्धती. असे साठे बेसाल्ट, अँडेसाइट, रायोलाइट हे लाव्हाचे खडक आणि टफ, म्हणजे घट्ट झालेली ज्वालामुखी राख, यांत मिळतात. चीनचं सोंगलियाओ खोरं, जपानचं निगाता, इंडोनेशियातलं जातिबरांग, भारतात गुजरातेतलं पाद्रा आणि राजस्थानातलं रागेश्वरी ही काही उदाहरणं.

'सूक्ष्मरंध्र' हा शब्द जरा जपून वाचावा. आययुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्गवारीत ते २ नॅनोमीटरपेक्षा बारीक असतं आणि ५० च्या वरचं सगळं स्थूल, पण भूवैज्ञानिक काही मायक्रोमीटरच्या छिद्रालाही सर्रास सूक्ष्मच म्हणतात.

छिद्रं कशी तयार झाली यावर मतभेद बरेच आहेत. लाव्हा थिजताना अडकलेले वायूचे बुडबुडे ही मूळची छिद्रं, यावर वाद नाही, पण ती पुढं झिओलाइट, क्लोराइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ अशा खनिजांनी भरत जातात आणि मग कुठंकुठं विरघळून पुन्हा जागा होते, शिवाय रायोलाइटमधली काच (लाव्हा झटकन थिजल्यानं स्फटिक न बनलेला भाग) हळूहळू स्फटिक बनताना आणखी बारीक छिद्रं पडतात. विरघळवलं कशानं? एक मत पावसाच्या पाण्याकडं बोट दाखवतं, म्हणजे खडक उघडा पडला होता तेव्हा. दुसरं शेजारच्या थरांतल्या सेंद्रिय पदार्थांतून निघालेल्या आम्लांकडं. तिसरं खोलातून वर आलेल्या गरम पाण्याकडं. जिथं छिद्रं जुन्या झिजलेल्या पृष्ठभागालगतच जास्त आहेत आणि खाली कमी होत जातात तिथं पहिलं मत जास्त पटतं, पण सगळीकडं तेच लावता येत नाही. इथं छिद्रं उठून दिसावीत म्हणून निळं रेझिन (घट्ट होणारा राळेसारखा पदार्थ) भरलेला, खडकाचा ०.०३ मिमी जाडीचा पातळ काप फार उपयोगी पडतो: पोकळीच्या कडेला क्लोराइटचं हिरवट अस्तर, त्यावर डांबरासारख्या तेलाचा काळा पापुद्रा आणि मधे कॅल्साइट दिसलं, तर अस्तर तेलाच्या आधीचं आणि कॅल्साइट नंतरचं. क्रम कळतो, वय मात्र कळत नाही.

एक्स-रे मायक्रो-सीटीमध्ये, म्हणजे दवाखान्यातल्या सीटी स्कॅनच्या फार बारीक रूपात, नमुना न फोडता त्रिमिती चित्र मिळतं. डिटेक्टरवर आडवे २००० पिक्सेल धरले तर २५ मिमीच्या नमुन्यात एक पिक्सेल साधारण १२ मायक्रोमीटरचा पडतो, २ मिमीच्या तुकड्यात १ चा, म्हणजे बारीक बघायचं तर नमुना लहान करावाच लागतो आणि मग मोठे बुडबुडे हातचे जातात. बेसाल्टात लोह भरपूर, त्यामुळं मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणांभोवती चकाकत्या रेघा उठतात आणि शेजारची छिद्रं त्यात हरवतात. आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, शलाकेनं थर तासत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं फोटो घेत गेलं तर १० नॅनोमीटरपर्यंत जाता येतं, पण घनाची बाजू बहुधा दहा-वीस मायक्रोमीटरच.

नमुना वाळवतानाही घोटाळा होतो: स्मेक्टाइट चिकणमाती आकसते आणि मुळात नसलेल्या भेगा चित्रात येतात.

म्हणून चित्रांची पडताळणी पारा दाबून भरण्याच्या चाचणीशी करतात, तिचं समीकरण वॉशबर्नचं, १९२१ चं. पारा किती दाबाला आत शिरला यावरून वाटेची रुंदी निघते, छिद्राची नाही. मोठी पोकळी चिंचोळ्या तोंडाआड असेल तर ती बारीक म्हणून मोजली जाते. सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या मोकळ्या जागेचा वाटा, मोजायला हेलियम वायूही भरतात; तो एकमेकांना जोडलेल्या छिद्रांतच जातो, सीटीला बंद बुडबुडेही दिसतात पण पिक्सेलपेक्षा बारीक काही दिसत नाही, त्यामुळं एकाच तुकड्याची सच्छिद्रता या दोन्ही पद्धतींनी वेगळी आली तर लगेच एक आकडा चुकीचा धरू नये.