आकडा खात्याचा की पाहणाऱ्याचा? ट्रस्ट स्कोअरची पार्श्वभूमी

नॉस्टर या मध्यवर्ती मालक नसलेल्या सोशल नेटवर्कच्या प्रोटोकॉलवर एकाच खात्याचा ट्रस्ट स्कोअर, म्हणजे ते खातं किती भरवशाचं याचा आकडा, एकाच्या पडद्यावर ९२ आणि दुसऱ्याच्या पडद्यावर ३ असा दिसू शकतो. नव्याने आलेल्यांना हा बिघाड वाटतो. मोजणी दोन्हीकडे बरोबरच असते, फक्त प्रत्येकाने ती स्वतःपासून सुरू केलेली असते. ही कल्पना नॉस्टरच्या बरीच आधीची आहे, आणि तिच्याभोवतीचा निम्मा गोंधळ ‘विश्वास’ या एका शब्दाने घातलेला आहे.

‘वेब ऑफ ट्रस्ट’ (विश्वासाचं जाळं) हे नाव रुळलं ते पीजीपी या ईमेल एन्क्रिप्ट करायच्या प्रणालीमुळे. १९९१ मध्ये आलेल्या या प्रणालीत लोक एकमेकांच्या ‘की’वर (ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीवर) सह्या करू लागले, आणि तिथे दोन प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवलेले होते. ही की खरोखर त्याच माणसाची आहे का, हा एक. हा माणूस दुसऱ्याच्या कीवर सही करण्याआधी नीट खातरजमा करतो का, हा दुसरा. पुढे ग्नूपीजी या पीजीपीच्या मुक्त आवृत्तीमध्ये जी मूळ मोजणी ठरली ती अशी: पूर्ण भरवशाच्या एकाची सही पुरे, अर्ध्या भरवशाच्या तिघांच्या सह्या हव्यात, आणि साखळी ५ दुव्यांपलीकडे धरायची नाही. सही जगजाहीर असे. सही करणाऱ्याच्या पारखीबद्दलचं आपलं मत मात्र आपल्याच संगणकावर राही. हा माणूस लिहितो ते वाचण्याजोगं असतं का, हा तिसरा प्रश्न पीजीपीने कधी विचारलाच नाही. अट्टल लबाडाच्या कीवरही बिनदिक्कत सही करता येई; की त्याचीच असली म्हणजे झालं.

सोशल नेटवर्कना नेमका तो तिसरा प्रश्न हवा होता, आणि त्यांनी शब्द उचलला तो पहिल्या दोन प्रश्नांचा. १९९९ मध्ये सुरू झालेल्या एपिनियन्स या परीक्षणांच्या साइटवर ‘वेब ऑफ ट्रस्ट’चा अर्थ ‘याची परीक्षणं मला उपयोगी पडतात’ असा झाला. विश्वासाची यादी सर्वांना दिसे, ब्लॉक केलेल्यांची यादी झाकलेली राही. हा झाकण्याचा निर्णय पुढच्या कित्येक प्रकल्पांनी विसरून पुन्हा नव्याने शोधला. अविश्वास पुढे कसा न्यायचा हेही तिथपासूनच अडलेलं आहे. मित्राचा मित्र बहुधा चालतो. शत्रूचा शत्रू मित्र धरायचा की दुप्पट वाईट, याला गणित दोन्ही उत्तरं देतं.

त्याच सुमारास दुसरी वाट फुटली. २००३ मध्ये फाइल-शेअरिंगच्या नेटवर्कसाठी आयगनट्रस्ट ही पद्धत मांडली गेली. तिच्यात प्रत्येक नोडला (नेटवर्कमधल्या प्रत्येक संगणकाला) एकच गुण मिळतो आणि तो सगळ्यांसाठी सारखाच असतो. असा आकडा साठवायला सोपा, दाखवायला सोपा, त्याच्यावर क्रमवारी लावणंही सोपं. पण २००२ मध्येच दाखवून झालं होतं की ओळख पटवणारी मध्यवर्ती यंत्रणा नसेल तर एकच माणूस हवी तितकी खोटी खाती उभी करू शकतो. याला सिबिल हल्ला म्हणतात. २००५ मध्ये त्याहून नेमका निष्कर्ष आला, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे: सर्व खात्यांना सुरुवातीला सारखंच मानणारी कोणतीही मोजणी सिबिलपुढे टिकू शकत नाही. कारण साधं आहे. हल्लेखोर अख्ख्या प्रामाणिक नेटवर्कची खोट्या खात्यांनी हुबेहूब प्रतिकृती बांधतो. रचना तीच, म्हणून प्रतिकृतीतल्या बड्या खात्यालाही मूळच्या बड्याइतकेच गुण पडतात. दोन्हींत फरक करायला काहीच उरत नाही, जोवर मोजणारा ‘मी इथे उभा आहे’ असं सांगत नाही. ते सांगितलं की खोटं गाव दोन-चार पुलांपलीकडे, म्हणजे खऱ्या माणसांनी चुकून खोट्या खात्यांशी जोडलेल्या मोजक्या दुव्यांपलीकडे राहतं, आणि लक्ष त्या पुलांवर ठेवता येतं. म्हणजे वैयक्तिक स्कोअर ही आवडीनिवडीची सोय म्हणून आलेली नाही, तिच्यामागे सुरक्षिततेचं कारण आहे. आजच्या चर्चांत हे क्वचितच कुणी सांगतं.

हा निष्कर्ष प्रत्यक्षात उतरलेला पाहायचा तर फ्रीनेट या सेन्सॉरशिप टाळणाऱ्या निनावी नेटवर्ककडे जावं लागतं. तिथला वेब ऑफ ट्रस्ट प्लगइन आज फारसा कुणाला आठवत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो. प्रत्येक ओळख इतरांना उणे १०० ते अधिक १०० यांदरम्यान गुण देई आणि ती यादी प्रसिद्ध करी. तुम्ही स्वतः ओळखलेल्यांच्या मताचं वजन ४०, त्यांनी ओळखलेल्यांच्या मताचं १६, मग ६, २ आणि शेवटी १. तुमच्या स्वतःच्या मताचं १००. म्हणजे दूरचा माणूस कितीही ओरडला तरी आवाज कुजबुजीएवढाच पोचे. तुम्ही एखाद्याला थेट गुण दिलेत, की बाकीच्यांचं त्याच्याबद्दल काय म्हणणं आहे याने काही बिघडत नसे. नवख्याला कुणीच ओळखत नसणार, म्हणून त्याने दुसऱ्यांनी ठेवलेली चित्रकोडी सोडवायची, की त्या बदल्यात त्यांच्या यादीत शिरकाव मिळे.

याच नेटवर्कवरच्या एफएमएस या संदेशप्रणालीने पीजीपीची विसरलेली फोड परत आणली. ‘याचे संदेश वाचावेत का’ आणि ‘याच्या यादीवर विसंबावं का’ यांसाठी तिथे वेगवेगळे गुण होते. उत्तम लिहिणारा माणूस रागाच्या भरात कुणालाही कमी गुण देणारा असू शकतो. त्याचं वाचायचं, यादी मात्र मानायची नाही. दुसऱ्यांनी दिलेल्या कमी गुणांमुळे एखाद्याचं लेखन आपोआप दिसेनासं होणं ही सेन्सॉरशिपच, असं म्हणणारेही तेव्हा होते. त्यावर उत्तर असं, की कुणाच्या याद्या मानायच्या हे तुमच्याच हातात आहे. उत्तर बरोबर होतं. ते किती जणांनी प्रत्यक्षात वापरलं असतं हा प्रश्न मात्र उरतोच, कारण मूळ सेटिंग बदलायला फारसं कुणी जात नाही.

२०१४ च्या स्कटलबट या मध्यवर्ती सर्व्हरविना चालणाऱ्या सोशल नेटवर्कने आकडेच काढून टाकले. तुम्ही ज्यांना फॉलो करता ते, आणि त्यांच्यापासून दोन-तीन पायऱ्यांवरचे लोक, एवढ्यांचंच लेखन तुमच्या डिस्कवर उतरायचं. अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणाऱ्या मॅस्टोडॉनच्या जगात सूत्रं सर्व्हर चालवणाऱ्याच्या हाती राहिली; सर्व्हर बदलणं हेच तिथलं वापरकर्त्याचं मुख्य हत्यार. ब्लूस्काय या सोशल नेटवर्कने २०२४ मध्ये लेबलर, म्हणजे खात्यांना आणि लेखनाला खुणेची लेबलं लावणाऱ्या सेवा, सर्वांसाठी खुले केले. २० पर्यंत लेबलर निवडा आणि त्यांचं लेबल लागलेलं लेखन झाकायचं, इशारा देऊन दाखवायचं की तसंच दाखवायचं ते ठरवा. निवड तुमची असते, पण एकाच लेबलरचं लेबल सर्वांना सारखंच असतं. शिवाय ब्लॉक तिथे जाहीर असतात. एपिनियन्सने ते झाकले होते हे इथे आठवतं.

आता नॉस्टर. २०२० मध्ये सुरू झालेल्या या प्रोटोकॉलमध्ये ‘विश्वास’ नावाची नोंदच नव्हती. क्रमांक ३ ची फॉलो यादी होती, पुढे म्यूट यादी आणि तक्रारीची १९८४ क्रमांकाची नोंद आली (ऑर्वेलच्या पाळतीवरच्या कादंबरीचं नावही ‘१९८४’च, तेव्हा हा क्रमांक योगायोगाने पडला असेल असं वाटत नाही). २०२२ च्या अखेरीस गर्दी वाढली, मागोमाग स्पॅम आला. पैसे घेणारे रिले (नोंदी साठवून पुढे देणारे सर्व्हर) झाले, कामाचा पुरावा, म्हणजे प्रत्येक नोंदीमागे संगणकाने केलेली खर्चिक आकडेमोड, मागून पाहिला. शेवटी क्लायंट, म्हणजे नॉस्टर वापरायची ॲप, लिहिणाऱ्यांनी हाताशी होतं तेच वापरलं: मी ज्यांना फॉलो करतो त्यांपैकी किती जण या खात्याला फॉलो करतात, त्यातून म्यूट करणारे वजा.

स्पॅम त्याने खरोखर हटला, हे मान्य करायला हवं. पण इथे फॉलोचा अर्थ गुपचूप बदलला. लोक विरोधकाला फॉलो करतात, गंमत म्हणून फॉलो करतात, बातम्या देणाऱ्या बॉटला करतात. यातल्या कुणाच्याही पारखीची हमी त्यांनी घेतलेली नसते. मोजणी मात्र फॉलोला हमी धरते, आणि तीही एफएमएसने वेगळ्या ठेवलेल्या दोन्ही अर्थांनी. म्यूटचं तर त्याहून अवघड. जाहीर म्यूट मोजला जातो हे कळलं, की काहीजण तो शस्त्रासारखा वापरतात आणि बाकीचे आपली यादी एन्क्रिप्ट करतात. दुसरं घडलं की मोजणीला प्रामाणिक म्यूट दिसत नाहीत, फक्त चिडून केलेले दिसतात. विश्वासाची वेगळी, स्पष्ट नोंद असावी अशी सूचना वारंवार येते. ती वारंवार मागेही पडते, कारण फॉलो करायला एक बटण पुरतं आणि कुणाला ७० गुण द्यावेत याचा विचार करायला कुणाला वेळ नसतो.

एका बाबतीत नॉस्टर पीजीपीपेक्षा सुस्थितीत आहे. पीजीपीत माझ्याबद्दलची तुमची सही माझ्या कीला चिकटे. २०१९ मध्ये काही कीवर कुणीतरी सुमारे दीड लाख सह्या लादल्या आणि त्या की वापरणंच अशक्य झालं. त्यानंतर ग्नूपीजीने की-सर्व्हरवरून (की जाहीर ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) येणाऱ्या परक्या सह्या आपणहून दुर्लक्षायला सुरुवात केली. नॉस्टरवर विधान करणाऱ्याचं विधान त्याच्याच नोंदीत राहतं. ज्याला ते वाचायचं नसेल तो वाचत नाही.

अडलं ते मोजणीच्या भारावर. तीन पायऱ्यांवरच्या लाखो खात्यांचा हिशेब फोन करू शकत नाही. निप-८५ ने (निप म्हणजे नॉस्टरच्या नियमांचा क्रमांकित मसुदा) म्हणून मोजणी दुसऱ्याकडे सोपवायची वाट दिली. सेवा देणारा हिशेब करून प्रत्येक खात्यासाठी ० ते १०० यांदरम्यानचा गुण सही करून रिलेवर ठेवतो, आणि कुणाचे गुण मानायचे ते वापरकर्ता १००४० क्रमांकाच्या यादीत नोंदवतो. मोजणी एकेकाच्या दृष्टीने वेगळी असेल, तर सेवेने प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळी की वापरायची.

नियंत्रण यात मिळतं, पण ते सूत्रावर नसून सूत्र चालवणारा निवडण्यावर असतं, आणि या दोन्हींना एकच नाव देण्याची घाई मला पटत नाही. यादी एन्क्रिप्ट करता येते, म्हणून सेवेची अमुक की अमक्या वापरकर्त्यासाठी आहे हे थेट कळत नाही. गुण मात्र उघड्यावर असतात. ज्यांना सर्वांत जास्त गुण दिले आहेत ती खाती कुणाच्या जाहीर फॉलो यादीशी जुळतात हे कुणी ताडून पाहिलं, तर ती की कुणासाठी आहे हे शोधणं फारसं अवघड नाही.