मंगळवारी रात्री कॉलेज फुटबॉल का?

अमेरिकेत फुटबॉलचे (आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन फुटबॉलचे) वार वाटून दिलेले आहेत. शुक्रवारची रात्र शाळांची, शनिवार कॉलेजांचा, रविवार आणि सोमवारची रात्र एनएफएल या व्यावसायिक लीगची. तरी नोव्हेंबर लागला की ओहायो, मिशिगन, इलिनॉयमधल्या छोट्या विद्यापीठांचे संघ मंगळवारी आणि बुधवारी रात्री मैदानात उतरतात. स्टँड निम्मे रिकामे असतात आणि थंडी हाडांत शिरते. सामना मात्र देशभर दिसतो. हे वार कुणी हौसेने निवडलेले नाहीत. बाकीचे गेल्यावर हेच उरले होते.

मुळात कॉलेज फुटबॉल टीव्हीवर फार दिसू नये अशीच व्यवस्था होती. घरबसल्या सामना दिसला तर तिकीट कोण काढणार, या धास्तीने एनसीएए या नियामक संस्थेने १९५१ साली प्रक्षेपणाचा ताबा स्वतःकडे घेतला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपले सामने आपणच दाखवणार असा हट्ट धरला, तेव्हा त्याला वाळीत टाकण्याची तयारी झाली आणि ते गुमान मागे आले. पुढची तीन दशकं हाच कारभार. १९८२च्या योजनेत तर एका संघाला दोन वर्षांत जास्तीत जास्त सहा वेळा टीव्हीवर येता येई, त्यातही देशभर चारदाच. उलट प्रत्येक वाहिनीने दोन वर्षांत किमान ८२ वेगवेगळे संघ दाखवलेच पाहिजेत अशी अट होती. छोट्यांना त्यातून अधूनमधून शनिवारचं दर्शन मिळायचं.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या बड्या विद्यापीठांना हे जाचत होतं. ती कोर्टात गेली आणि २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची मक्तेदारी मोडली. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे एके काळचे गाजलेले फुटबॉलपटू. हा खेळ नुसता धंदा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. निकालानंतर जो तो आपले सामने विकायला मोकळा झाला. माल एकदम वाढला आणि भाव पडले. शनिवार बड्यांनी भरून टाकला. ८२ संघांची अट गेल्यामुळे छोट्यांना दाखवण्याची सक्तीही उरली नाही.

इथे केबल वाहिन्यांची गरज कामी आली. १९७९ साली सुरू झालेल्या ईएसपीएन या खेळांच्या वाहिनीला आठवड्याच्या सातही रात्री भरायच्या होत्या. नव्वदच्या दशकात तिने गुरुवारची रात्र कॉलेज फुटबॉलसाठी बसवली, आणि शनिवारच्या गर्दीत हरवणाऱ्या संघांना एकट्याने चमकायची जागा मिळाली. लुईव्हिल विद्यापीठाने याचा सर्वांत पुरेपूर फायदा उठवला: कधीही, कुठेही खेळायची तयारी. २ नोव्हेंबर २००६च्या गुरुवारी त्यांनी तोवर अपराजित असलेल्या वेस्ट व्हर्जिनियाला ४४-३४ असं हरवलं, आणि पुढच्याच गुरुवारी रटगर्सकडून २८-२५ असा मार खाल्ला. दोन आठवडे देशभर याच सामन्यांची चर्चा होती. शनिवारी खेळले असते तर एवढा बोलबाला झाला नसता.

त्याच महिन्यात एनएफएलनेही गुरुवारी रात्री खेळायला सुरुवात केली आणि २०१२पासून जवळपास पूर्ण हंगामभर गुरुवार आपल्याकडे घेतला. शुक्रवारची अडचण वेगळी. १९६१च्या कायद्यानुसार हंगामात शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी, शाळा-कॉलेजच्या सामन्यापासून ७५ मैलांच्या आतल्या प्रक्षेपण केंद्रावरून एनएफएलचा सामना दाखवला तर लीगला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मिळालेली सवलत जाते. कॉलेजांना हे बंधन नाही, पण ज्या शाळांतून खेळाडू घ्यायचे त्यांच्याच रात्रीवर डल्ला मारणं परवडत नाही. राहिले मंगळवार आणि बुधवार.

ते वार मिड-अमेरिकन कॉन्फरन्स, म्हणजे ‘मॅक’ या सुरुवातीला सांगितलेल्या छोट्या विद्यापीठांच्या गटाने उचलले. २०००नंतरच्या दशकात सुरुवात झाली आणि १ नोव्हेंबर २०११च्या मंगळवारी नॉर्दर्न इलिनॉयने टोलेडोला ६३-६० असं हरवलं तेव्हा ‘मॅक्शन’ (मॅक अधिक ॲक्शन) हा शब्द सगळीकडे झाला. बचाव नावाची गोष्ट त्या रात्री कुणाला आठवतच नव्हती. (नोव्हेंबरात हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतली की पूर्व अमेरिकेतला मंगळवारी संध्याकाळी सातचा सामना म्हणजे आपल्याकडे बुधवारी पहाटेचे साडेपाच.)

यात खरी कसरत असते ती वेळापत्रकाची. ऑक्टोबरअखेरपर्यंत शनिवार, मग उडी. शनिवारनंतरचा पहिला मंगळवार तीनच दिवसांवर येतो, तो अशक्य. म्हणून दहा दिवसांनंतरचा धरतात. ही विश्रांती सुखाची. पुढे मात्र बुधवारनंतर लगेच मंगळवार आला तर हातात सहाच दिवस उरतात. शनिवारच्या सामन्यासाठी रविवारी चित्रफीत, सोमवारी सुट्टी, मंगळवार-बुधवारी जोरदार सराव, गुरुवारी हलका, शुक्रवारी नुसती उजळणी असा बेत असतो. मंगळवारच्या सामन्यासाठी तो जसाच्या तसा सरकवायचा: बुधवारी चित्रफीत, गुरुवारी सुट्टी, शुक्रवार-शनिवारी जोर. सहा दिवसांच्या आठवड्यात पहिला गळतो तो जोरदार सरावाचा एक दिवस, कारण आठवड्याला २० तासांची मर्यादा आणि एक सक्तीची सुट्टी चुकत नाही. दुखरा खांदा बरा व्हायला लागणारा वेळ मात्र वार बघत नाही.

अभ्यासाचे हाल त्याहून जास्त. बाहेरगावचा सामना असेल तर सोमवारी दुपारी बस निघते, मंगळवार हॉटेलात जातो, सामना साडेदहाच्या सुमारास संपतो आणि मुलं बुधवारी पहाटे परत. बोलिंग ग्रीन ते टोलेडो जेमतेम ४० किलोमीटर, तिथे प्रश्न नाही. बफलो ते नॉर्दर्न इलिनॉय साडेनऊशेच्या घरात आहे. शनिवारी तास बुडत नाहीत, इथे दोन-तीन दिवसांचे बुडतात.

यजमानांचीही तारांबळ असते. कामाच्या दिवशी पार्किंग कर्मचाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या गाड्यांनी भरलेलं, त्यामुळे सामन्याआधी गाडीमागे मांडायची खाण्यापिण्याची मैफल जमतच नाही. घड्याळं मागे गेल्यावर साडेपाचलाच अंधार पडतो, म्हणून टीव्हीला पुरतील असे दिवे हवेतच. जाहिरातींसाठी खेळ थांबला की खेळाडू बोचऱ्या वाऱ्यात नुसते उभे. चेंडूही थंडीने नरमतो: २१ अंशांत १३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला चेंडू शून्य अंशात ११वर येतो. शेवटच्या आठवड्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाला विद्यार्थी घरी गेले की स्टँडमध्ये नातेवाईक आणि वाद्यवृंद तेवढे दिसतात. वरच्या श्रेणीत राहायला घरच्या सामन्यांना सरासरी १५,००० प्रेक्षक हवेत असा नियम होता, तेव्हा हे रिकामे बाक चांगलेच टोचायचे. २०२३ साली तो नियमच काढला.

एवढं करून पैसा किती? मॅकने २०१४ साली ईएसपीएनशी केलेला १३ वर्षांचा, सगळ्या खेळांचा करार दहा कोटी डॉलरहून थोडा जास्तीचा असल्याच्या बातम्या होत्या. डझनभर विद्यापीठांत वाटले तर प्रत्येकाला वर्षाला साडेसहा-सात लाख. याउलट २०२४च्या सप्टेंबरात नॉर्दर्न इलिनॉयला नोत्र दाम या बड्या विद्यापीठाच्या मैदानावर एक शनिवार खेळण्याचे सुमारे १४ लाख डॉलर मिळाले, वर १६-१४ असा विजयही. म्हणजे तिजोरी बड्यांच्या दारात जाऊन भरते. मंगळवारची रात्र मुख्यतः नाव कमावण्यासाठी: खेळाडू निवडीच्या वेळी ‘तुला देशभर बघतील’ असं पालकांना सांगता यावं म्हणून.

आता हे उरलेले वारही एकट्या मॅकचे नाहीत. बिग टेन या बड्या विद्यापीठांच्या गटाने २०१७पासून शुक्रवारी रात्री खेळायला सुरुवात केली, तेव्हा शालेय प्रशिक्षकांनी ओरड केली आणि त्या गटातल्याच मिशिगन विद्यापीठाने त्या रात्री खेळायला नकार दिला. आणि २०२३पासून कॉन्फरन्स यूएसए हा आणखी एक गट आपले ऑक्टोबरमधले सामने आठवड्याच्या मधल्या रात्रींवर घेऊन गेला, म्हणजे मॅकच्या एक महिना आधी.