सीतेची आसवं किड्यांना खातात, पण फुलानं नव्हे

भाद्रपद आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘सीतेची आसवं’ या रानरोपाचं जांभळं फूल किडा बसताच मिटतं आणि त्याला गिळतं. मिटत-बिटत काही नाही! लोणावळ्याकडच्या ओल्या कातळावर पोटावर झोपून (कपड्यांचं काय ते नंतर बघू) भिंगातून पाहा. खालच्या ओठावर फिकट ठिपका, मागे मकरंदाची टोकदार शेपटी. किड्याला हे चक्क आमंत्रण आहे, परागीभवनासाठी. शिकार चालते खाली, चिखलात. या झाडाला मुळं नसतातच. धाग्यांवर मिलिमीटरभराचे फुगे असतात. फुग्याच्या दाराजवळच्या केसाला सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडतं आणि तो पाण्यासकट ओढला जातो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.