बदकाच्या अंड्यांची यंत्राने उबवण

बदकाची फलित अंडी मादीच्या अंगाखाली न ठेवता योग्य तापमान, आर्द्रता, ताजी हवा व फिरवण मिळेल अशा बंद पेटीत ठेवून पिल्ले काढण्याची पद्धत. या पेटीला उबवण यंत्र किंवा इन्क्युबेटर म्हणतात. घरच्या लहान शेतावर साधारणतः काही डझन अंड्यांचे, विजेवर चालणारे यंत्र वापरतात. कोंबडीची अंडी उबवून हात बसलेल्या माणसालाही बदकाच्या अंड्यांत पहिल्या खेपेस अपयश येते. त्याचे मुख्य कारण म्हणजे बदकाचे अंडे मोठ्या आकाराचे कोंबडीचे अंडे समजून हाताळले जाते.

यंत्राची गरज बदकाच्या स्वभावातून निर्माण होते. पेकिन, खाकी कॅम्पबेल, इंडियन रनर यांसारख्या जातींत अधिक अंडी देणाऱ्या माद्यांची निवड पिढ्यान् पिढ्या होत गेली आणि खुडूक बसण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाली. मस्कव्ही बदक मात्र उत्तम उबवते. जिथे यंत्र नाही तिथे खुडूक कोंबडीखाली बदकाच्या अंड्यांची रवण घालतात. कोंबडीचा स्वतःचा काळ २१ दिवसांचा असला तरी ती बहुधा अंडी फुटेपर्यंत बसून राहते.

मॅलार्ड (ॲनस प्लॅटिऱ्हिंकस) या रानबदकापासून निघालेल्या सर्व पाळीव जातींची अंडी २८ दिवसांत फुटतात. मस्कव्ही (कैरिना मोस्काटा) ही मुळातच वेगळी प्रजाती असून तिला ३३ ते ३५ दिवस लागतात. या दोहोंच्या संकराचा काळ मधला असतो आणि संकरित पिल्ले वांझ निघतात. पुढील विवेचन मुख्यतः पहिल्या गटाला लागू आहे.

इतिहास : कृत्रिम उबवणीचा उगम कोठे झाला याविषयी मतभेद आहेत. जुना लिखित पुरावा ईजिप्तकडे बोट दाखवतो. तेथे अंडी उकिरड्यात पुरून उबवतात असे ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. चौथे शतक) म्हटले आहे, तर इ. स. पू. पहिल्या शतकातील डायोडोरस सिक्युलस याने पक्ष्यांची मदत न घेता कोंबड्या व हंस यांची पैदास करणाऱ्या ईजिप्शियनांचे कौतुक केले आहे. यांपैकी कोणत्याही उल्लेखात बदक स्पष्टपणे येत नाही. ईजिप्तमधील मातीच्या भट्ट्याही प्रामुख्याने कोंबडीच्या अंड्यांसाठीच होत्या. चीनमधील परंपराही तितकीच जुनी असल्याचे काही लेखक मानतात, पण तिचा काळ ठरवणे अवघड आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात प्रसिद्ध झालेल्या चीनविषयक वर्णनांत मात्र बदकाची हजारो अंडी उन्हाळ्यात खताच्या उबेत आणि हिवाळ्यात बांबूच्या ताटीखाली मंद विस्तव ठेवून उबवत असल्याचे सांगितले आहे. त्यामुळे ईजिप्तचे अग्रस्थान सर्वसाधारण उबवणीपुरते मान्य केले, तरी बदकाच्या उबवणीची स्वतंत्र परंपरा पूर्व आशियात वाढली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या मताला तंत्राचाही आधार मिळतो. पूर्व व आग्नेय आशियातील जुन्या पद्धतीत अंडी गरम केलेल्या साळीत किंवा तुसात गुंडाळून टोपल्यांत रचतात आणि काही दिवसांनी आधीची अंडी नव्या अंड्यांच्या शेजारी ठेवतात. अर्धा काळ उलटलेल्या अंड्यातील गर्भ स्वतःची उष्णता बाहेर टाकू लागतो. ती ऊब नव्या अंड्यांना पुरते व सरपण वाचते. म्हणजे गर्भाच्या उष्णतेचे हे ज्ञान तापमापकाच्या आधीचे आहे.

तापमान आपोआप राखण्याचा यूरोपातील पहिला प्रयत्न कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) याच्या नावावर सांगितला जातो. रेने आंत्वान द रेओम्यूर याने खताच्या उबेवर केलेल्या प्रयोगांचा ग्रंथ १७४९ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये चार्ल्स हिअर्सन याने १८८१ मध्ये द्रवाने भरलेली चपटी धातूची डबी वापरली. ठरावीक तापमानाला आतला द्रव उकळून डबी फुगे आणि तरफेने धुराड्यावरचे झाकण उचलले जाऊन जादा उष्णता बाहेर जाई. घरगुती यंत्रांत हे तत्त्व दीर्घकाळ टिकले. आता त्याची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने घेतली आहे.

कवच आणि पाणी : अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बाहेर जाते. श्वासासाठी छिद्रे उघडी हवीत, पण उघड्या छिद्रांतून पाणीही जाणार, अशी ही तारेवरची कसरत आहे. हर्मन रान, अमोस आर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात अनेक जातींच्या पक्ष्यांवर केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की अंडे लहान असो वा मोठे, उबवणीच्या काळात ते मूळ वजनाच्या सरासरी सुमारे १५% पाणी गमावते. ही घट आवश्यक असते. गेलेल्या पाण्याची जागा रुंद टोकाकडच्या हवाकोषात हवा घेते आणि पिल्लू पहिला श्वास तिथूनच घेते.

बदकाच्या अंड्यावरील मेणचट आवरण कोंबडीच्या अंड्यापेक्षा जाड असते. पाणथळ जागी घातलेल्या अंड्यात घाणीचे पाणी शिरू नये, असा त्याचा उपयोग असावा. यंत्रात या आवरणाचा परिणाम मोजावा लागतो. आर्द्रता फार ठेवली तर घट अपुरी राहते, हवाकोष लहान होतो आणि पूर्ण वाढलेले, सुजलेले पिल्लू कवचातच गुदमरते. ती फार कमी ठेवली तर कवचाच्या आतले पातळ पटल वाळून पिल्लाला चिकटते.

बदकासाठी पंचविसाव्या दिवसापर्यंत १२ ते १४% घट योग्य मानतात. ८० ग्रॅमचे अंडे सातव्या दिवशी सुमारे ३ ग्रॅमने हलके झालेले असावे आणि पंचविसाव्या दिवशी ६९ ते ७० ग्रॅमच्या आसपास भरावे. घट मंद असेल तर पाण्याचे भांडे लहान करावे, वेगाची असेल तर मोठे. ५५ ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता (ओल्या वातीच्या तापमापकावर साधारण २९ ते ३०° से.) हा बहुतेक मार्गदर्शकांतील आकडा सुरुवातीपुरता ठीक आहे. स्वस्त आर्द्रतामापक पुष्कळ चुकतात, कवचाची जाडी मादीगणिक बदलते आणि उंच प्रदेशात पाणी अधिक वेगाने उडते. लहान शेतावर पाच-सहा अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून ती दर आठवड्याला स्वयंपाकघरातील ग्रॅमच्या काट्यावर तोलली, तर मापकापेक्षा खात्रीचे उत्तर मिळते. या साध्या उपायाकडे होणारे दुर्लक्ष खरोखर खेदजनक आहे.

अंड्यांची निवड व साठवण : माद्या बहुतेक अंडी पहाटे घालतात. म्हणून त्यांना सकाळपर्यंत कोरड्या गवताच्या खुराड्यात ठेवून मग सोडावे. त्यामुळे अंडी चिखलात वा पाण्यात पडत नाहीत. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. तडा गेलेली, दोन बलकांची व वेडीवाकडी अंडी वगळतात. फार घाण लागलेली अंडी वगळणेच बरे. धुणे भागच पडले तर पाणी अंड्यापेक्षा गरम हवे. थंड पाण्यात आतला भाग आकसतो आणि छिद्रांतून जंतू आत ओढले जातात. फॉर्मल्डिहाइड वायूची धुरी मोठ्या उबवण केंद्रांत देत आले आहेत. हा वायू विषारी व कर्करोगजनक असल्याने घरच्या शेडमध्ये ती देऊ नये.

गोळा केलेली अंडी १३ ते १६° से. तापमानात आठवडाभर चांगली राहतात, पुढे दिवसागणिक फुटण्याचे प्रमाण घटते. गर्भाची वाढ ज्या तापमानाखाली थांबते ती मर्यादा चार्ल्स एडवर्ड्स याने १९०२ मध्ये कोंबडीच्या अंड्यासाठी २० ते २१° से. मानली. नंतरच्या काहींनी ती बरीच वर नेली. एकच काटेकोर मर्यादा नसून वेगवेगळ्या पेशीसमूहांची मर्यादा वेगळी असते, हे स्पष्टीकरण अधिक पटते. शेतकऱ्याच्या दृष्टीने एवढे पुरे, की पंचविशीपलीकडच्या खोलीत ठेवलेले अंडे अर्धवट वाढू लागते व दुबळे होते.

तापमान व फिरवण : पंखा असलेल्या यंत्रात ३७.५° से. ठेवतात. पंखा नसलेल्या यंत्रात वर व खाली तापमान वेगळे असते, म्हणून अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.८° से. मोजतात. थोडा वेळ गारठलेले अंडे बहुधा वाचते, पण जास्त तापलेले वाचत नाही. वीज गेली तर यंत्र न उघडता जाड कापडाने झाकतात. शेवटच्या आठवड्यात मात्र हवेची वाट बुजू देऊ नये.

अंडी दिवसातून निदान तीन ते पाच वेळा फिरवतात. फेऱ्यांची संख्या विषम ठेवल्यास रात्रीची लांब वेळ दरवेळी एकाच बाजूवर जात नाही. न फिरवल्यास गर्भ पटलाला चिकटतो, हे कारण सर्वत्र दिले जाते. पांढऱ्या भागाचे शोषण व रक्तवाहिन्यांच्या पटलाची पूर्ण वाढ हीही कारणे तितकीच महत्त्वाची आहेत. पंचविसाव्या दिवशी फिरवणे थांबवतात.

गारवा व शिंपण : आठव्या-दहाव्या दिवसापासून रोज काही मिनिटे झाकण उघडून अंडी निववावीत व त्यांवर कोमट पाणी शिंपडावे, असा जुना प्रघात आहे. त्याची तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले म्हणजे निसर्गाचे अनुकरण : मादी चरायला जाते आणि ओल्या पिसांनी परतते. हे ऐकायला गोड असले तरी रानबदक निघताना अंडी पिसांनी झाकून जाते, त्यामुळे साम्य मर्यादितच राहते. दुसरे स्पष्टीकरण उष्णतेचे. मोठ्या अंड्यातील गर्भ शेवटच्या टप्प्यात इतकी ऊब निर्माण करतो, की अंड्याचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा अंशभर किंवा अधिक चढते. पाणी उडताना ही जादा उष्णता घेऊन जाते. तिसरे, वारंवार भिजून व सुकून मेणचट आवरण झिजते आणि पाण्याची घट वाढते. मस्कव्हीच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे मानतात. म्हणजे शिंपणाने अंडे ओले राहते हा रूढ समज उलटा ठरू शकतो.

ओल्या कवचावर जंतू वाढतात, असा विरोधी पक्षाचा आक्षेप आहे आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. एकंदरीत उष्णतेचे स्पष्टीकरण सर्वांत भक्कम दिसते. त्यावरून पाहता गच्च भरलेल्या यंत्रात व मस्कव्हीच्या अंड्यांसाठी शिंपण उपयोगी असावे. पंखा चांगला असून वजनाची घट बरोबर येत असलेल्या लहान यंत्रात त्याची गरज कमी आहे. शिंपायचेच तर उकळून कोमट केलेले स्वच्छ पाणी घ्यावे.

उजेडावरची तपासणी : सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली की जिवंत गर्भ कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्यांसह दिसतो. वांझ अंडे स्वच्छ दिसते, मेलेल्या गर्भाभोवती रक्ताचे कडे दिसते. ही दोन्ही प्रकारची अंडी काढून टाकतात. नासलेले अंडे यंत्रात फुटले तर सगळी खेप दूषित होते. वास येणारे किंवा कवचावर थेंब साचलेले अंडे म्हणूनच लगेच हलवावे.

फूट : पंचविसाव्या दिवशी अंडी आडवी ठेवून आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर नेतात. पिल्लू आधी आतल्या पटलाला भोक पाडून हवाकोषात चोच घालते व फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. नंतर कवचाला टोचा पडतो. पहिल्या टोच्यापासून बाहेर येईपर्यंत कोंबडीच्या पिल्लापेक्षा बदकाला जास्त वेळ लागतो. २४ ते ४८ तास जाणे नेहमीचे आहे. याच काळात उरलेला बलक पोटात ओढला जातो आणि पटलातील रक्त पिल्लात परतते. मदत म्हणून कवच आधीच सोलले तर रक्तस्राव होऊन पिल्लू मरते. झाकण वारंवार उघडल्यास ओलावा जाऊन पटल वाळते. वेगवेगळ्या दिवशी घातलेली अंडी एकाच यंत्रात असतील तर फुटीसाठी दुसरी लहान पेटी ठेवावी लागते, कारण तेवढा ओलावा नव्या अंड्यांना घातक ठरतो. पिल्ले सुकून पिसारली की उबदार खोक्यात नेतात.

न फुटलेली अंडी फोडून पाहावीत. पहिल्या काही दिवसांत मेलेले गर्भ जास्त असतील तर दोष साठवणीत, हाताळणीत किंवा सुरुवातीच्या तापमानात असतो. मधल्या काळातील मृत्यू बहुधा माद्यांच्या अपुऱ्या आहाराकडे किंवा जंतूंकडे निर्देश करतात. पूर्ण वाढलेले, ओलसर, फुगलेल्या पोटाचे पिल्लू जादा आर्द्रता दाखवते. चोच अरुंद टोकाकडे असेल तर अंडे उलटे ठेवले गेले होते किंवा त्याची फिरवण अपुरी झाली होती.