‘जाऊ द्या हो’ म्हणणारा तिसरा माणूस

संध्याकाळची विरार फास्ट. अंधेरी सुटल्यावर दारापाशी एकाची सॅक दुसऱ्याच्या तोंडावर आली आणि ठिणगी पडली. “बोरिवलीला उतरायचंय तर विरार कशाला पकडली?” “गाडी काय तुमच्या तीर्थरूपांची आहे?” आवाज चढले, एकाचा हात दुसऱ्याच्या कॉलरकडे गेला. आजूबाजूच्या सगळ्यांनी एकदम मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्यात मीही होतो.

‘गर्दी नुसती बघत उभी राहते’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते निसर्गनियमच वाटतं. या समजाच्या मुळाशी बऱ्याच अंशी न्यूयॉर्कमधला एक खून आहे. मार्च १९६४ मध्ये किटी जिनोव्हीज या तरुणीवर तिच्या घराजवळ मध्यरात्रीनंतर हल्ला झाला. ३८ शेजाऱ्यांनी तो पाहिला आणि कुणीही हललं नाही, अशी बातमी न्यूयॉर्क टाइम्सने दिली. ती जगभर गाजली, मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही जाऊन बसली. पुढे कागदपत्रं तपासली गेली तेव्हा चित्र वेगळं निघालं. सगळा प्रकार डोळ्यांनी पाहणारे ३८ जण नव्हतेच. एकाने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला तात्पुरतं पळवून लावलं होतं आणि दुसरा, जीवघेणा हल्ला इमारतीच्या आत, जिन्यापाशी झाला होता. आपली मूळ बातमी सदोष होती, हे त्या वृत्तपत्राने २०१६ मध्ये मान्य केलं. बातमी चुकली, पण तिच्यामुळे सुरू झालेलं संशोधन मात्र टिकलं.

जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलतायत. अचानक त्यातल्या एकाला फीट आल्याचा आवाज येतो (तो आधीच टेप केलेला). हे फक्त आपणच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के जणांनी फीट संपायच्या आत मदत मागितली. आणखी एक जण ऐकतोय असं वाटलं, तेव्हा हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आलं आणि आणखी चौघं ऐकतायत असं वाटल्यावर ३१ टक्क्यांवर. माणसं निर्दय नव्हती, अस्वस्थ होती. पण जबाबदारी वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभरच येते. याच दोघांच्या दुसऱ्या प्रयोगात खोलीत धूर सोडला होता. एकटे असलेले ७५ टक्के लोक सांगायला उठले. शेजारी दोन ठोंबे (संशोधकांचीच माणसं) शांत बसलेले असताना फक्त १० टक्के. इतर गप्प आहेत म्हणजे काही विशेष नसेल, असं प्रत्येकाला वाटतं. आपल्याकडे बघूनही इतरांना तेच वाटत असतं, हे मात्र लक्षात येत नाही.

पण प्रयोगशाळेतली खोली म्हणजे रस्ता नव्हे. रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या तीन शहरांतल्या खऱ्या भांडणांच्या २१९ सीसीटीव्ही चित्रफिती तपासल्या. सरासरी १६ जण आसपास होते. ९१ टक्के प्रसंगांत निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता, आणि एका प्रसंगात सरासरी जवळपास चौघं. बघे जितके जास्त, तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त. गुन्हेगारीसाठी ओळखलं जाणारं केपटाउनही यात वेगळं निघालं नाही.

मग १९६८ चे आकडे खोटे का? मुळीच नाही. प्रश्न बदलला, एवढंच. प्रयोगशाळा विचारते, ‘मी’ उठेन का. कॅमेरा विचारतो, मार खाणाऱ्याला ‘कुणीतरी’ सोडवेल का. माझी शक्यता गर्दीमुळे घसरली, तरी शंभर माणसांतून एखादा निघतोच. मार खाणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा प्रश्न महत्त्वाचा.

बहुतेक सीसीटीव्हींना ऐकू मात्र येत नाही, आणि आपला निर्णय बरेचदा कानांवर ठरतो. शॉटलँड आणि स्ट्रॉ यांचा १९७६ चा प्रयोग मला या सगळ्यात जास्त टोचतो. एक पुरुष एका स्त्रीशी झटापट करतोय, दोघंही नट. ती ओरडते, “मी तुम्हाला ओळखत नाही!” तेव्हा ६५ टक्के लोक मध्ये पडले. ती ओरडते, “तुमच्याशी लग्न का केलं कोण जाणे!” तेव्हा फक्त १९ टक्के. मारहाण तीच, वाक्य वेगळं. ‘नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला’ हे आपल्याच चाळीतलं वाटावं असं वाक्य. पण प्रयोग अमेरिकेतला आहे.

मध्ये पडणं म्हणजे हिंदी सिनेमातल्यासारखी उडी घेणं, हा आणखी एक गैरसमज. मार्क लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या सीसीटीव्हीवरून केलेल्या अभ्यासात भांडण निवळवणाऱ्या हालचाली अगदी साध्या दिसतात: उघडे तळहात, दंडावर ठेवलेला हात, दोघांच्या मध्ये सरकलेला खांदा. आणि एका माणसाच्या एका कृतीपेक्षा पाठोपाठ आणखी काही जण सरसावतात, तेव्हा मारामारी टळण्याची शक्यता वाढते. हत्यार दिसलं किंवा माणूस दारूच्या नशेत बेभान असला, तर अंतर राखून ११२ ला फोन करणं, रेल्वेत असाल तर १३९ ला, हेही मध्ये पडणंच आहे. दबलेल्या माणसाला “ताई, पुढचं स्टेशन कुठलं हो?” असं विचारणंसुद्धा. त्या प्रश्नाने भांडणाचा सूर मोडतो आणि आपण एकटे नाही, हे तिला कळतं.

त्या दिवशी खिडकीशी बसलेले एक काका मान वर न करता म्हणाले, “अहो जाऊ द्या हो, येतंय बोरिवली.” मग दारातला एक कॉलेजचा मुलगा हसून म्हणाला, “दादा, सॅक द्या इकडे, मी धरतो.” कॉलरवरचा हात खाली आला. तिसरं ‘जाऊ द्या’ माझं होतं, आणि तेसुद्धा बरंच हळू.